‘व्ही/एच/एस: व्हायरल’ बघावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीपाळखीत भुताखेतांचे सिनेमे बघणारी बाई म्हणून मी बदनाम आहे. त्यामुळे कुणी ‘व्ही/एच/एस’ मालिका बघायला घेतली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला फोन येतो. पहिला भाग जागून बघितलेला असतो, दुसरा त्याहून आवडलेला असतो, आणि तिसऱ्याच्या विसाव्या मिनिटाला समोरून विचारणा होते, ‘अगं, मी चुकीचा सिनेमा लावलाय का?’ नाही, सिनेमा तोच आहे. तेच प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं पाठ झाली, म्हणून आता लिहूनच ठेवते. कथांचे शेवट फोडलेले नाहीत. एका ठिकाणी नाइलाज झाला, तिथे आधी सांगितलं आहे.

हा नेमका कोणता सिनेमा?

२०१४ सालचा अमेरिकन भयपट, ‘व्ही/एच/एस’ मालिकेतला तिसरा. एकाच सिनेमात तीन स्वतंत्र गोष्टी आणि त्यांना बांधणारी चौथी. बांधणारी गोष्ट मार्सेल सार्मिएन्तोची, बाकीच्या तीन अनुक्रमे ग्रेग बिशप, स्पेनचा नाचो विगालोन्दो आणि जस्टिन बेन्सन-ॲरन मूरहेड या जोडीच्या. लांबी जेमतेम ऐंशी मिनिटं. ऑक्टोबर २०१४ मध्ये तो आधी घरबसल्या पैसे भरून बघण्यासाठी आला आणि नंतर नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत.

‘फाउंड फुटेज’ म्हणजे काय?

आपण बघतोय ते चित्रण गोष्टीतल्याच कुणीतरी केलं आहे आणि नंतर ते कुणाच्या तरी हाती लागलं आहे, अशी बतावणी. कॅमेरा हलतो, माणसं अर्धी चौकटीबाहेर जातात, आवाज फाटतो. १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने हा प्रकार जगभर पोचवला. त्याआधीही तो होताच.

पण युक्ती सिनेमाहून जुनी आहे. १८९७ ची ‘ड्रॅक्युला’ कादंबरी आख्खी डायऱ्या, पत्रं, तारा आणि वर्तमानपत्रातल्या कात्रणांनी बनलेली आहे. त्यातला डॉक्टर सिवर्ड तर आपली रोजनिशी फोनोग्राफवर बोलून ठेवतो. आणि हे सगळं एकत्र कुणी लावलं? मीनाने. ती टाइपरायटरवर बसून सगळे कागद तारीखवार लावते, आणि ते लावणं हाच कथेतला महत्त्वाचा प्रसंग होतो. मीनाला लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

आणि व्हीएचएस? माझा जन्म २००४ चा.

व्हीएचएस म्हणजे अर्धा इंच रुंद चुंबकीय फितीची ती काळी, विटेएवढी कॅसेट. जेव्हीसी या जपानी कंपनीने १९७६ मध्ये आणली. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग व्हीसीआर, म्हणजे या कॅसेट लावायचं यंत्र. विकत घेण्याची ऐपत फार थोड्यांची. बाकीचे भाड्याने आणायचे: रिक्षात मांडीवर व्हीसीआर, पिशवीत तीन कॅसेट, आणि सकाळी परत करायचं असल्याने तिन्ही सिनेमे एका रात्रीत संपवायचे. तिसऱ्याच्या वेळी निम्मं घर घोरत असायचं. चित्र लोळायला लागलं की कुणीतरी उठून ट्रॅकिंगची कळ फिरवायचा. कापूस फिरवून ‘हेड’, म्हणजे यंत्रातला फीत वाचणारा भाग, साफ करणारा एक काका प्रत्येक चाळीत होता.

आता माझ्या घरची गोष्ट. मावशीच्या साखरपुड्याची एक कॅसेट होती. बरीच वर्षं ती कपाटात पडून होती आणि एका पावसाळ्यानंतर आम्ही ती लावून बघितली. दोन मिनिटं पाट, रांगोळी, ओवाळणी. मग खरखर. मग एकदम बंगळूरचं मैदान, ९ मार्च १९९६, भारत-पाकिस्तान उपान्त्यपूर्व सामना, आणि अजय जडेजा वकार युनूसला झोडपतोय. कोरी कॅसेट हाताशी नव्हती म्हणून कुणीतरी हीच घातली होती. कुणी, ते आजवर कबूल झालेलं नाही. गंमत पुढेच आहे. टेपिंग जिथे थांबलं तिथे पुन्हा खरखर, आणि खालून साखरपुडा वर आला, तोही शेवटाकडचा. मधल्या काळात वारलेली आजी थेट कॅमेऱ्याकडे बघत होती. खोलीत कुणी बोललं नाही.

टेपची भीती ती. एका चित्रणाखाली दुसरं असतं आणि ते कधी वर येईल याचा नेम नसतो. कॅसेटवर नाव एक, आत भलतंच. मालिकेच्या पहिल्या भागाने हे बरोबर ओळखलं होतं.

पहिले दोन भाग आधी बघायला हवेत का?

कथानकाच्या दृष्टीने मुळीच नाही. पण तिसरा का फसला हे कळायचं असेल तर हो.

पहिल्यात (२०१२) भुरटे चोर एक कॅसेट पळवायला एका घरात घुसतात. घरात टीव्हीसमोर मेलेला म्हातारा आणि कॅसेटचा ढीग. हवी ती कॅसेट कोणती हे कळायला एकेक लावून बघणं आलं. दुसऱ्यात (२०१३) बेपत्ता मुलाचा शोध घेणारे दोन खासगी गुप्तहेर. तेही तसल्याच घरात, तसल्याच ढिगासमोर. चौकट साधी आहे, काही ठिकाणी तकलादूही, पण तिच्यामुळे तीन गोष्टी ठरून जातात: टेप कुठे आहे, ती कोण बघतंय, आणि बघणाऱ्याचं काय होणार. आपण बघणाऱ्याच्या खांद्यावरून बघत असतो, म्हणून त्याच्या पाठीमागे काही हललं की आपल्याही पाठीला मुंग्या येतात.

शिवाय प्रत्येक गोष्टीत कॅमेऱ्याला कारण आहे. पहिल्या भागात एका मुलाच्या चष्म्यात कॅमेरा लपवलेला असतो. हेतू घाणेरडा, आणि म्हणूनच पुढचं सगळं त्याच्या अंगावर येतं. एकात तो हॅलोविनसाठी चढवलेल्या अस्वलाच्या सोंगात आहे. दुसऱ्या भागात एकाच्या कृत्रिम डोळ्यातच कॅमेरा बसवलाय, दुसऱ्याच्या सायकलच्या हेल्मेटवर. तो सायकलवाला वाटेत झोंबी होतो आणि कॅमेरा चालूच राहतो. मुलांनी कुत्र्याच्या पाठीवर बांधलेला कॅमेराही आहे. ‘सेफ हेवन’ नावाच्या गोष्टीत इंडोनेशियातल्या एका पंथाच्या बंगल्यावर माहितीपटवाले मुलाखत घ्यायला जातात. मालिकेतली ती सर्वांत दणकट गोष्ट, यावर भांडायची माझी तयारी आहे.

मग तिसऱ्यात बिघडलं काय?

घर गेलं, ढीग गेला आणि बघणारा गेला.

‘व्हायरल’ नावातच बेत दिसतो. कॅसेटचा जमाना संपला, आता हातोहाती मोबाइल, तर भीती आता पसरते, संसर्गासारखी. कागदावर कल्पना झकास आहे. २०१४ मध्ये ती वेळेवरही होती. पण निर्मात्यांनी एक साधी गोष्ट लक्षात घेतली नाही. कॅसेट सापडते, व्हिडिओ पाठवला जातो. सापडलेल्या वस्तूला मागचा मालक असतो, तो कुठे गेला हा प्रश्न असतो. पाठवलेल्या व्हिडिओला पाठवणारा असतो आणि त्याचा हेतू असतो. भीती दोन्हींत आहे, पण जात वेगळी. पाठवण्यातली भीती दाखवायची तर कोण पाठवतंय, का, आणि आपण पुढे का ढकलतो, यावर गोष्ट रचायला हवी होती. इथे लोक फोन उंचावून धावत सुटतात, एवढंच.

आणि आता मीना. ‘व्हायरल’मधल्या तीन गोष्टी एकत्र कुणी लावल्या? कुणीच नाही. लॉस एंजेलिसमधला पाठलाग चालू असताना मध्येच जादूगाराचा माहितीपट का लागतो, त्यानंतर स्पेनमधलं तळघर कुठून आलं, याचं उत्तर सिनेमाजवळ नाही. कुणी ते बघत नाहीये, कुणी शोधत नाहीये. मुंबईत लोकलमध्ये शेजारच्याच्या मोबाइलवर डोकावलं तर दिसेल तितपत संबंध.

आपल्याला तर चौकटकथेचं वळण लहानपणापासून आहे. विक्रम-वेताळ घ्या. राजा प्रेत खांद्यावर टाकतो, वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं, बोललास तर मी चाललो झाडावर. प्रत्येक गोष्टीगणिक खांद्यावरचं ओझं तेच, वाट तीच, पेच वाढता. पंचवीस गोष्टी त्या एका अटीवर तरतात. ‘व्हायरल’मध्ये वेताळ गोष्टी सांगत सुटलाय, पण विक्रम घरी झोपलाय.

चौकटीची गोष्ट मला कळलीच नाही. काय होतं तिच्यात?

(इथे थोडं फुटेल.) केविन नावाच्या तरुणाला मैत्रीण आयरिसचं सतत चित्रण करायचा नाद. शहरात पोलीस एका आइसक्रीमच्या गाडीचा पाठलाग करत असतात. गाडी आपल्याच गल्लीवरून जाणार, व्हिडिओ काढला तर नाव होईल, म्हणून हा बाहेर धावतो. तेवढ्यात आयरिस नाहीशी होते, ती त्या गाडीत आहे असं त्याला कळतं, आणि तो सायकलवरून मागे लागतो. वाटेत लोकांच्या फोनवर काहीतरी झळकतं आणि ती माणसं बेभान होतात.

मधूनमधून उपकथांचे तुकडे: एका अंगणातल्या बार्बेक्यूच्या पार्टीचा विचका, एका टॅक्सीतलं सूडाचं प्रकरण. मुख्य गोष्टीशी त्यांचं नातं फक्त इतकंच की गाडी जवळून गेली. गाडीच्या मागे अडकून एका माणसाचे पाय डांबरावर घासत जातात ते दृश्य मात्र विसरता येत नाही. मी तिथे उशी तोंडावर घेतली होती. पण ते नुसतं किळसवाणं आहे, पुढे त्याचं काहीच होत नाही.

शेवटी केविन गाडीपाशी पोचतो, आत पडदेच पडदे, आणि त्याला एक बटण दाबायचं असतं. एवढी धावाधाव ‘अपलोड’साठी होती हे कळतं तेव्हा वाईट वाटतं, कारण गोष्ट इथून सुरू व्हायला हवी होती. बटण दाबावं की नाही असा पेच पडलेला माणूस आणि समोर त्याची बायको किंवा मैत्रीण, एवढ्यावर वीस मिनिटांचा उत्तम ऐवज उभा राहिला असता.

त्यात चित्रावर जुन्या टेपसारखे पट्टे, खरखर, रंग फाटणं. फोनच्या चित्रणाला टेपचा आजार कसा होईल? स्टीलच्या ताटावर शोभा म्हणून केळीचं पान आखल्यासारखं झालं हे.

जादूगाराची गोष्ट कशी आहे?

‘डान्टे द ग्रेट’. ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात राहणाऱ्या फटिचर जादूगाराला एक झगा मिळतो, कधीकाळी नामांकित जादूगार हॅरी हुडिनीचा. झग्यात खरीखुरी जादू आहे, पण त्याला खायला माणूस लागतो. मग हा एकेक सहायक मुलगी नेमतो, आणि त्या नाहीशा होतात. (हुडिनी वारला तो १९२६ मध्ये, तेही ३१ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन हॅलोविनला. एवढा आयता दुवा हाताशी होता.)

मजा येते, खोटं कशाला बोलू. जस्टिन वेलबॉर्नने नकली भपका आणि आतला भुकेलेपणा चांगला धरलाय. हाताच्या फेकीनिशी पोलीस उडतात, माणूस इथे गडप होऊन तिथे निघतो, आणि जादूगार व सहायक मुलीची शेवटची झुंज सफाईदार आहे.

पण ही सापडलेलं चित्रण म्हणून सांगितलेली गोष्ट आहे, आणि ते ती तिसऱ्या मिनिटाला विसरते. सुरुवात माहितीपटासारखी, मुलाखती वगैरे. ते चालतं. पुढे मारामारीत असे असे कोन दिसतात की तिथे माणूस उभाच राहू शकत नाही. खोलीत दोघंच आहेत आणि कॅमेरे चार. साधा सिनेमा म्हणून काढली असती तर कुणी बोट ठेवलं नसतं. बिशपने पुढे २०१६ मध्ये पहिल्या भागातल्या चष्म्याच्या कॅमेऱ्याच्या गोष्टीवरून ‘सायरन’ हा अख्खा सिनेमा केला. तो सरळ नेहमीच्या कॅमेऱ्याने काढलेला, आणि त्यात हाच माणूस किती मोकळा वाटतो.

एकच गोष्ट बघायची तर?

‘पॅरलल मॉन्स्टर्स’. नाचो विगालोन्दोची, स्पॅनिशमध्ये, खाली उपशीर्षकं. या एका गोष्टीसाठी मी हा सिनेमा दोनदा लावला.

आल्फोन्सो नावाचा माणूस घराच्या तळघरात एक यंत्र बनवतोय. बायको वर झोपलीये. यंत्र चालतं, दार उघडतं, आणि दारापलीकडे तोच. तसंच तळघर, तोच कॅमेरा, तशीच दमलेली मुद्रा. दोघं हरखून जातात आणि ठरवतात की पंधरा मिनिटांसाठी एकमेकांच्या जगात जाऊन यायचं. इतकंच.

यात कॅमेरा का आहे? प्रयोगाची नोंद ठेवायला. तो चालूच का राहतो? कारण दुसऱ्या जगात पाऊल टाकणारा पहिला माणूस कॅमेरा बंद करणार नाही. दोन वाक्यांत निकाल लागला. मग विगालोन्दो आपल्याला निवांतपणे त्या घरातून फिरवतो. सगळं जागच्या जागी आहे. जिना तोच, सोफा तोच, बायको तीच. फक्त भिंतीवरचं काहीतरी, दिवाणखान्यात बसलेले पाहुणे, खिडकीबाहेर आकाशात तरंगणारं काहीतरी. दर मिनिटाला एक तपशील सरकतो. आपल्याला कळतं की या जगाचे धर्म वेगळे आहेत आणि मग, दचकून, हेही कळतं की शरीरं वेगळी आहेत. ते काय ते सांगत नाही. ओरडलात तर शेजारी येतील, हसलात तरी येतील. मी आधी ओरडले, मग हसले.

आणि तिथे फिरताना एक विचार मागे टोचत राहतो जो कुणीही मोठ्याने बोलत नाही: तो दुसरा आपल्या घरात काय करतोय?

विगालोन्दोचा हा हुकमी विषय. २००७ च्या ‘टाइमक्राइम्स’मध्येही माणूस स्वतःलाच सामोरा जातो आणि घोळ घालतो. थोड्या पैशांत, थोड्या खोल्यांत, गणितासारखं चोख. खरं भूत घराच्या मांडणीत असतं हे त्याला ठाऊक आहे. आपल्याकडे हे मतकरींच्या गूढकथा वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको.

स्केटबोर्डवाल्या गोष्टीत मला गरगरलं. सगळ्यांनाच होतं का?

बऱ्याच जणांना होतं. ‘बोनस्टॉर्म’मध्ये कॅमेरे हेल्मेटवर, हातात, बोर्डवर आहेत आणि कट फार भराभर होतात. लॉस एंजेलिसची पोरं सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या तिहुआनाला जातात, सांडपाण्याच्या कोरड्या काँक्रीट कालव्यात स्केटिंग करायला. जमिनीवर मंतरलेलं चिन्ह आहे, त्यावर रक्त सांडतं, आणि मग झगे घातलेली माणसं चहूबाजूंनी येतात. मारली तर सांगाडे होऊन परत उठतात.

दिवे चालू ठेवा, पडद्यापासून लांब बसा, पोट रिकामं ठेवू नका आणि भरलेलंही ठेवू नका. तरी डोकं दुखलं तर सरळ पुढे ढकला. शेवटची दहा मिनिटं म्हणजे कुणीतरी खेळत असलेला व्हिडिओ गेम मागे उभं राहून बघणं आहे.

एक धागा चांगला सुटला. त्यांचा व्हिडिओ काढणारा मनातून वाट बघतोय की एखाद्या पोराला जबर लागावं, कारण तसलंच चित्रण खपतं. ‘व्हायरल’ या नावाला जागणारं हे एकमेव पात्र. पण दिग्दर्शकांना सांगाड्यांची घाई झालेली.

इतके हुशार दिग्दर्शक असूनही असं कसं झालं?

हा प्रश्न मला खरंच छळतो. सार्मिएन्तोने २०१२ च्या ‘द एबीसीज ऑफ डेथ’ या संग्रहपटात एकही शब्द न वापरता, संथ गतीत, माणूस आणि कुत्र्याच्या झुंजीची काही मिनिटांची गोष्ट केली होती. त्या संग्रहातल्या वर्णमालेत ती ‘डी’ अक्षराची, आणि माझ्या मते पहिल्या नंबरची. बेन्सन आणि मूरहेड तर पुढे मार्व्हलच्या ‘मून नाइट’ आणि ‘लोकी’पर्यंत पोचले. त्याहून लागणारी गोष्ट म्हणजे त्यांचा २०१२ चा ‘रेझोल्यूशन’. त्यात दोन मित्रांना एका पडीक घरात कुणीतरी ठेवलेले फोटो, टेपा, फिती सापडत जातात आणि हळूहळू कळतं की ठेवणाऱ्याला त्यांच्याकडून गोष्ट हवी आहे. म्हणजे ‘सापडणं’ या कल्पनेवर इतका खोल विचार केलेली माणसं घरात होती, आणि त्यांना सांगाडे फोडायला लावलं.

माझा अंदाज असा की प्रत्येकाने आपापला डबा आणला आणि पंगतीचं कुणी ठरवलं नाही. दिवाळी अंकात संपादक कमी पडला की हेच होतं. नावं मोठी, मुखपृष्ठ झकास, आणि वाचून झाल्यावर आठवते ती एकच कथा.

एक गोष्ट कापली म्हणतात. खरं का?

खरं. टॉड लिंकनची ‘गॉर्जस व्होर्टेक्स’. थिएटरच्या प्रतीत नाही, घरी बघायच्या डिस्कवर श्रेयनामावलीनंतर ठेवली आहे. संवाद जवळपास नाहीत, चकाचक, जाहिरातीसारखी देखणी आणि थंड. सापडलेलं चित्रण तर अजिबात नाही. कापली ते ठीकच झालं. फक्त तोच निकष उरलेल्यांना लावायला हवा होता.

आईबाबांसोबत बघता येईल?

नाही. कारण विचारू नका. ‘पॅरलल मॉन्स्टर्स’ आली की कारण आपोआप समजेल आणि तुम्ही पाणी प्यायला उठाल.

यातलं काही खरं चित्रण आहे का? माझा भाऊ म्हणतो आहे.

भाऊ थापा मारतो.

आपल्याकडे असा काही प्रयत्न झालाय?

झालाय, आणि चकित व्हाल इतका चांगला. दिबाकर बॅनर्जींचा २०१० चा ‘लव्ह सेक्स और धोखा’ भयपट नाही, पण रचना हीच: तीन गोष्टी आणि तीन जातींचे कॅमेरे. पहिला सिनेमा शिकणाऱ्या पोराचा हातातला, दुसरा दुकानातला सीसीटीव्ही, तिसरा स्टिंग ऑपरेशनचा छुपा. प्रत्येक कॅमेऱ्याचा मालक वेगळा, त्याचा हावरेपणा वेगळा. आणि तिन्ही गोष्टींतली माणसं एकमेकांच्या चौकटीत सहज डोकावून जातात. चित्रण विकलं जातं, पसरतं, माणसं त्याखाली चिरडतात. ‘व्हायरल’ला जे सांगायचं होतं ते चार वर्षं आधी दिल्लीच्या आसपास सांगून झालं होतं, एकही राक्षस न आणता. ‘व्हायरल’ बघून तोंडाची चव गेली असेल तर हा बघा.

तिसऱ्यानंतर मालिका संपली का?

सात वर्षं गप्प होती. मग २०२१ मध्ये ‘व्ही/एच/एस/९४’ आला आणि नावाप्रमाणे थेट १९९४ सालात गेला. फोन नाहीत, पुन्हा कॅसेट, पुन्हा पडद्यांनी भरलेली जागा. चूक कुठे झाली होती हे त्यांनाही कळलं असावं. त्यातल्या क्लोई ओकुनोच्या गोष्टीत बातमीदार बाई गटारात शिरते. ती जरूर बघा, जेवणाआधी. पुढे १९९९ आणि १९८५ सालांवर बेतलेले भाग आले.

२०२४ च्या ‘व्ही/एच/एस/बियॉन्ड’मध्ये तर गाडी मुंबईला आली. विराट पालची ‘ड्रीम गर्ल’: तारकांच्या मागे धावणारे आपले पापाराझी एका बड्या नटीच्या सेटवर घुसतात आणि जे बघायला नको ते बघतात. गोष्ट महान नाही. पण कॅमेऱ्याला कारण आहे बघा. विमानतळाच्या दारात आणि जिमबाहेर ताटकळणारे, ‘मॅडम, इधर, इधर’ ओरडणारे ते फोटोग्राफर काहीही झालं तरी कॅमेरा खाली ठेवणार नाहीत, हे मुंबईकराला पटवून द्यावं लागत नाही. आणि इथे चित्रण विकायसाठीच काढलेलं आहे. दहा वर्षांपूर्वी केविनला हा धंदा लावून दिला असता तर?

बरं, मग ‘व्हायरल’ बघायचा तर कसा?

जादूगार बघा, आवडेल. चौकटीचे तुकडे ओलांडा, काही बिघडत नाही, आणि काही बिघडत नाही हीच तर तक्रार आहे. ‘पॅरलल मॉन्स्टर्स’ला दिवे घालवा. स्केटबोर्ड लागले की चहा टाका.

आमच्या माळ्यावर जुन्या कॅसेट आहेत. तुझं वाचून लावाव्याशा वाटतात.

लावा, पण घाई नको. आधी खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे बघा. पांढुरकी बुरशी दिसली, आणि आपल्या पावसाळ्यात ती दिसतेच, तर व्हीसीआरमध्ये घालू नका. हेड खराब होईल आणि पुढची प्रत्येक कॅसेट खराब करेल. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबली, त्यामुळे आहे ते यंत्र जपा. जुन्या लग्नाच्या कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून देणारे फोटो स्टुडिओ अजून गावोगाव सापडतात. देताना लेबलवर विश्वास ठेवू नका, पूर्ण तीन तास उतरवून मागा. मॅच संपल्यानंतरचंही.

आणि कॅसेटच्या मागच्या कडेला डाव्या कोपऱ्यात एक छोटी प्लास्टिकची पट्टी असते. ती स्क्रूड्रायव्हरने मोडून टाका. मग कॅसेटवर दुसरं काही टेप होत नाही. आमच्याकडे ही माहिती मामाला होती. मार्च १९९६ मध्ये तो घरी नव्हता, असं तो म्हणतो.